बेअरिंगची शाल

"कोणाला विचारून टर्बाइन बंद केलंत?" वीजकेंद्राच्या साहेबांनी विचारलं.

"दत्तारामकाकांना," इंजिनियर मृण्मयी म्हणाली. "आणि त्यांनी बेअरिंगला."

फिटर दत्तारामकाका रोज स्क्रूड्रायव्हरचं एक टोक बेअरिंगला, दुसरं कानाला लावून ख्यालीखुशाली विचारत. पुढे सरकू पाहणाऱ्या, टर्बाइनच्या फिरत्या अवजड रोटरला ते बेअरिंग केसाहून पातळ तेलाच्या थराने थोपवायचं. त्या सकाळी काका म्हणाले, "कण्हतंय बिचारं." संगणकावर सगळं हिरवंगार होतं, तरी मृण्मयीने बटण दाबलं.

"उघडा. ठणठणीत निघालं तर उद्यापासून येऊ नका," साहेब म्हणाले.

उघडलं. अस्तर पार झिजलं होतं. तासाभरात रोटर सरकून टर्बाइन फुटलं असतं, शेडमधल्या नऊ जणांसकट.

साहेबांनी काकांसाठी शाल मागवली. "मला कशाला? बोललं ते," म्हणत काकांनी ती बेअरिंगला पांघरली. साहेबांनी नारळही मुकाट्याने त्याच्याच पुढ्यात ठेवला.

आठवड्याने टर्बाइन सुरू झालं. कोणी बघत नाहीसं पाहून मृण्मयीने बेअरिंगला स्क्रूड्रायव्हर लावला आणि "थँक्यू" म्हणाली.

"हे नवीन आहे, मॅडम," मागून काका म्हणाले. "जुनं स्टोअरमध्ये बसलंय, शाल घेऊन."

मृण्मयीने स्टोअरची किल्ली मागितली.