सतरा नंबरची माती

कागदावर दामियाना तार्कीचं शेत साऱ्या जिल्ह्यात सगळ्यांत सुपीक ठरलं होतं. इंजिनियर बियेगास त्याच शेतात उभे होते आणि आसपास गवताचं पातंही उभं नव्हतं. त्यांनी कागद पुन्हा वाचला, शेताकडे पुन्हा पाहिलं आणि दोन्हींपैकी कागदावर विश्वास ठेवायचं ठरवलं. कागदावर शिक्का होता.

"विचार तिला," ते वाल्दोला म्हणाले.

वाल्दो दुभाष्या. डोंगरापलीकडच्या गावचा, आयमारा भाषा घरात शिकलेला आणि स्पॅनिश लष्करात. दिवसभर तो दुसऱ्यांचंच बोलणं बोलायचा. संध्याकाळी खोलीवर आल्यावर स्वतःचं म्हणून काही बोलायला जावं तर सुचायचं नाही, आणि ऐकायलाही कुणी नसायचं, म्हणून ते चालून जायचं.

योजना सरळ होती. ज्याची जमीन निकस ठरेल त्याला ट्रकभर लेंडीखत फुकट. दामियानाच्या स्वतःच्या मेंढ्या होत्या तोवर तिला कुणाच्या ट्रकची गरज नव्हती. पण एकेक घर शहराकडे गेलं, गावात ती एकटीच उरली, आणि एकट्या बाईला मेंढ्या तरी राखता येतात, नाहीतर शेत. तिने मेंढ्या विकल्या. मेंढ्यांबरोबर लेंड्या गेल्या, लेंड्यांबरोबर जमिनीचा कस. यंदा खत आलं नाही तर बटाटा लागणार नव्हता, आणि बटाटा नाही म्हटल्यावर तिलाही गाव सोडावं लागणार होतं.

मागच्या खेपेला अर्ज भरतानाच घोळ झाला होता. अर्जातला 'निकस'साठीचा स्पॅनिश शब्द वाल्दोला फक्त बराकीतून माहीत होता. तिथे एका सार्जंटच्या दंडावरच्या फिती सगळ्यांदेखत उपटल्या होत्या, तेव्हा तो वापरला होता. त्यामुळे त्याने दामियानाला विचारलं की, मावशी, तुझ्या जमिनीचा हुद्दा काढून घेतलाय का? तिने विचारलं की काय केलं म्हणून, खेचर चोरलं? मग तिने दोघांच्या दंडाला धरून त्यांना शेताबाहेर पायवाटेवर नेलं, कारण जमिनीवर उभं राहून जमिनीचं उणं काढायचं नसतं, आणि आवाज खाली आणून सांगितलं की जमीन भुकेली आहे.

अर्जात 'भुकेली'ला चौकट नव्हती. हलकी, निकस आणि थकलेली अशा तीन होत्या. वाल्दोने तिन्हींत फुल्या मारल्या. माती सतरा नंबरच्या पिशवीत भरून तपासणीला गेली आणि हा असा कागद घेऊन परत आली.

आताही दामियानाने दोघांना आधी पायवाटेवर नेलं. वाल्दोने विचारलं, "मावशी, पिशवीत मातीशिवाय काही घातलं होतंस?"

"घालणार नाही? सहा तासांचा रस्ता."

तिने न लाजता यादी सांगितली. साहेब फावडं धूत होते तेव्हा तिने चार सुकवलेले बटाटे, भाजलेला मका, चघळायची कोकाची पानं आणि लामा या लोकरीच्या जनावराच्या चरबीचा एक खडा घातला होता. ही माती कधी गावाबाहेर गेलेली नव्हती. तिला शिदोरीशिवाय कसं धाडायचं? प्रयोगशाळेने सगळं एकत्र दळलं होतं.

बियेगासांनी ती यादी वाल्दोकडून पुन्हा एकदा ऐकून घेतली. मग म्हणाले की अठरा वर्षांच्या नोकरीत लोकांनी पिशवीत शेजाऱ्याची माती भरली, नदीची वाळू भरली, एकाने तर सिमेंट भरलं, पण डबा कुणी दिला नव्हता. खताची यादी शनिवारी बंद होणार होती. आत्ताच्या आत्ता नवा नमुना घ्यायचा, आणि त्यात मातीशिवाय दाणा जरी सापडला तरी खत विसरायचं.

"म्हणजे उपाशी पाठवू?" दामियाना म्हणाली.

"ती उपाशी आहे हेच तर दाखवायचंय, मावशी."

हे तिला पटलं. तिने स्वतः माती खणली, पिशवी भरली, आत बोट फिरवून एक मुळी काढून टाकली. मग विचारलं की आधीची माती परत कधी येणार.

बियेगास म्हणाले की नमुने परत येत नाहीत, तपासून झालं की टाकून देतात. हे वाक्य आयमारात नेता नेता वाल्दोने अर्धं वाटेत सांडलं. "तिथेच ठेवून घेतात," तो म्हणाला.

दामियानाने त्याच्याकडे नीट पाहिलं.

"माझा मुलगा रुफिनो साओ पावलोला शिलाईकामाला निघाला तेव्हा त्यालाही पोटभर बांधून दिलं होतं," ती म्हणाली. "सोबत मात्र मोटारीपर्यंतच गेले."

ती घरात गेली. डोक्यावर हॅट चढवली, अंगावर चांगली शाल घेतली, दाराला दगड लावला आणि पिशवी मांडीवर घेऊन जीपच्या मागच्या बाकावर जाऊन बसली.

बियेगास म्हणाले की सरकारी गाडीत खासगी माणूस नेता येत नाही, वहीत कारण लिहावं लागतं. वाल्दोने वही घेतली. 'सोबतची व्यक्ती' या रकान्यात त्याने तिचं नाव लिहिलं आणि पुढे लिहिलं, 'नमुन्याची नातेवाईक'. आज कुणी न सांगता त्याने केलेलं हे पहिलंच वाक्य. बियेगासांनी ते दोनदा वाचलं आणि सही केली.

खिंडीतल्या वळणावरून गाव शेवटचं दिसतं. तिथे दामियानाने पिशवीचं तोंड सैल केलं आणि पिशवी मागच्या काचेशी उंच धरली. बियेगासांनी आरशात पाहिलं आणि गाडी हळू केली.

गाव डोंगराआड गेलं तरी तिने हात खाली घेतले नाहीत.