दहांतला वैरी

बुरीच्या टोळीने तोगोनच्या आजोबांचे घोडे पळवले, तेव्हापासून तोगोन बुरीच्या गळ्यासाठी सुरीला धार लावत होता. नव्या खानाने टोळ्या मोडून दहा-दहा स्वारांच्या तुकड्या केल्या आणि बुरी नेमका त्याच्याच तुकडीत आला. तोगोनला आभाळ ठेंगणं झालं.

तेवढ्यात नायक गरजला, "दहांतला एक जरी पळाला किंवा मागे राहिला, तर उरलेल्या नवांची मुंडकी उडतील!"

उद्या कूच, आणि बुरी तापाने फणफणलेला. त्याच सुरीने मेंढी कापून तोगोनने रस्सा केला, वैऱ्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि वाडगं त्याच्या ओठांना लावलं.

"मीठ कमी आहे," बुरी कण्हला.

"मुकाट्याने गिळ!"

धड उठूनही बसता न येणारा बुरी डोळे मिटून म्हणाला, "पळून जाईन हं."

तोगोन मीठ आणायला धावला.