लांब बाह्या
तिच्या कोपराच्या भेगांवर कापसाची काडी फिरवून नवरा जंतूंचे नमुने प्रयोगशाळेत न्यायचा. झोंबायचं, तरी ती हात पुढे करायची. त्याच नमुन्यांवरून त्याला उलगडलं, की कातडीतल्या पहारेकरी पेशी जंतूंना त्यांच्या अंगावरच्या साखरेवरून ओळखतात आणि मग इसब भडकतो. आज त्याचा सत्कार होता. निघताना तो म्हणाला, “लांब बाह्यांचं काहीतरी घाल. लोक बघतात.” उकाड्यातही तिने निमूट घातलं. भाषण संपल्यावर विभागप्रमुख बाई दोघांपाशी आल्या. “तुमच्या त्या पेशंटला मला भेटायचंय. तिच्याशिवाय हे झालंच नसतं.” शेजारी उभ्या असलेल्या बायकोकडे न बघता तो म्हणाला, “ती हे शहर सोडून गेली हो.” बाहीखाली कोपराची आग होत होती. तरी तिचा आवाज शांत होता. “अजून नाही गेली, मॅडम,” ती म्हणाली. “उद्या माहेरी जातेय, कायमची.”