हेल्मेटवरचा डाग

"शेवंते, ताट घेवन ये गो, झील इलो माझो!" एकाहत्तरची लढाई संपवून मुलगा घरी आला तेव्हा सासूबाईंनी दारातून मारलेली ती हाक शेवंतीच्या कानात अजून ताजी होती. आज चौदा वर्षांनी घाटकोपरच्या त्याच दारात संग्रहालयाचे साहेब तिच्या नवऱ्याचं, सहदेवचं, हेल्मेट हातात घेऊन उभे होते. तिनेच त्यांना बोलावलं होतं. लढाई एकदाची घराबाहेर जावी म्हणून. सहदेव खाटेवर बसून होता. साहेबांचं बोट पुढच्या लालसर डागावर थांबलं. "वहिनी, हे पुसायचं नाही हं. जवानाचं रक्त आहे. तसंच काचेत ठेवू." गॅलरीत जमलेल्या शेजाऱ्यांनी हात जोडले. "बघ गं, कसा वाघ मिळालाय तुला," विमलाकाकी म्हणाल्या. शेवंती नेहमीसारखी नुसती हसली. तेवढ्यात पत्र्यांवरून विमान गडगडत गेलं. सहदेव खाटेखाली शिरला, हेल्मेटसाठी चाचपडला आणि ते सापडेना तेव्हा त्याने दोन्ही हातांनी डोकं झाकून घेतलं. शेजारी खाली बघू लागले. शेवंती त्याच्याजवळ जमिनीवर बसली आणि त्याच्या हातांवर तिने आपले हात ठेवले. "रक्त नाही ते, साहेब," ती म्हणाली, "कुंकू आहे. त्या दिवशी मी ओवाळायला गेले, तर ह्यांनी हेल्मेट काढलंच नाही. कपाळ मिळालं नाही म्हणून लोखंडालाच लावलं. तेव्हापासून सगळ्यांना सांगत आले, हे परत आले, हे परत आले. नाही हो आले अजून."