पाठांतर

"किल्ली," प्रॉम्प्टर म्हणाला.

त्याच्या कवटीची डावी बाजू उघडी होती आणि तो टक्क जागा होता. हिरव्या पडद्याच्या पलीकडे सर्जन, अलीकडे प्रॉम्प्टरचा चेहरा, आणि त्या चेहऱ्यासमोर स्टुलावर बसलेल्या वाचातज्ज्ञ बाई. बाईंच्या हातात शंभर चित्रांची गड्डी होती. त्या एकेक चित्र उलटायच्या, तो नाव सांगायचा. त्याच वेळी सर्जन बारीक तारेने मेंदूच्या एखाद्या जागेला करंट द्यायचा. नाव बरोबर आलं तर ती जागा कापायला मोकळी. अडलं, तर तिथे हात लावायचा नाही.

गाठ वाईट जातीची होती. काढली तरी परत येणार, हे नवराबायको दोघांनाही सांगून झालं होतं. जितकी जास्त निघेल तितके महिने जास्त, एवढंच काय ते हातात होतं.

"बादली. घुबड. कात्री."

अडतीस चित्रं झाली, एकही चूक नाही. सर्जन खुशीत आला. "काका, फर्स्ट क्लास चाललंय."

"तीस वर्षं विंगेत उभं राहून लोकांना वाक्यं पुरवली, डॉक्टर. आज पहिल्यांदा लाइट माझ्यावर आलाय."

नर्स हसली. बाई हसल्या नाहीत. त्यांना केव्हापासून काहीतरी खटकत होतं. उत्तरं जरा लवकर येत होती. 'विमान' तर चित्र उलटायच्या आधीच आलं होतं.

काल तपासणीला हीच गड्डी, ह्याच क्रमाने, त्याला दाखवली होती. एकदाच. पण नटाची जीभ अडखळायच्या आत पुढचं वाक्य ज्याच्या ओठांवर तयार असायचं, त्याला एकदा म्हणजे खूप झालं.

पाठ केलेलं डोक्यातून वेगळ्याच वाटेने बाहेर येतं. ते येत राहिलं असतं आणि सर्जन कापत राहिला असता. मग ह्या माणसाला उद्या शंभर शब्द ओळीने म्हणता आले असते, आणि तहान लागली हे सांगता आलं नसतं. अजून कडेकडेचीच गाठ काढून झाली होती, हे नशीब.

बाईंनी उरलेली चित्रं पत्त्यांसारखी पिसली आणि वरचं उलटलं.

"शिट्टी," प्रॉम्प्टर म्हणाला.

चित्रात कासव होतं.

सर्जनचा हात जागीच थांबला. "चुकलं?"

"नाही. मी क्रम बदलला."

प्रॉम्प्टरने डोळे बारीक करून कासवाकडे बघितलं. "बाई, असं नाटकात चालत नाही हं."

"इथे नाटक नकोय, काका. बघून सांगा."

"काल संध्याकाळी बायकोला सगळी यादी लिहून दिली. तिने दोन तालमी घेतल्या. म्हणाली, तुम्ही एक शब्द चुकू नका, म्हणजे डॉक्टर थांबणार नाहीत." मग जरा हळू आवाजात तो म्हणाला, "तिला सगळी काढून हवीय हो."

सर्जनला राग आला होता. पण कुणाचा, ते त्याला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. "चला पुढे," तो म्हणाला.

कासव आलं. ढोल, पंखा, घोडा आला. आता उत्तरं चित्रानंतर येत होती, आणि पलीकडे गाठ तुकड्यातुकड्याने निघत होती. मग बाईंनी छत्री दाखवली आणि पलीकडे तार टेकली.

"ही..." प्रॉम्प्टर म्हणाला. "ही आपली..." त्याने हाताने ती उघडली, डोक्यावर धरून दाखवली.

शब्द पुरवायची बाईंना परवानगी नव्हती. दोन सेकंद गेले. तीन, चार. एवढी शांतता त्याने रंगमंचावर कधी पडू दिली नव्हती. नट विंगेकडे बघतो तसं त्याने बाईंच्या मास्ककडे बघितलं.

"थांबा," बाई म्हणाल्या.

तार उचलली गेली. "छत्री! छत्री हो!"

सर्जनने तीच जागा आणखी दोनदा तपासली. दोन्ही वेळा प्रॉम्प्टर अडला. मग सर्जनने तिथे आकडा लिहिलेला इवलासा कागद ठेवला.

"काका, इथपर्यंतच."

"तिथून पुढे किती राहिली?"

"तिसरा हिस्सा."

प्रॉम्प्टरने डोळे मिटले. "तिला मी नाही सांगणार," तो म्हणाला. "तुमच्यापैकी कुणीतरी सांगा."

बाहेर बाकावर त्याची बायको बसली होती. मांडीवर त्याच्या अक्षरातली यादी होती. हाताळून हाताळून कागद मऊ पडला होता.

"काकू, ते बोलतायत," बाई म्हणाल्या. "अगदी छान बोलतायत."

"ते बोलतीलच. चुकले का कुठे?"

बाईंना खोटं बोलवेना. "छत्रीला."

बायकोने यादीवरून बोट खाली नेलं. बरंच खाली गेल्यावर ते थांबलं आणि तिचा चेहरा उजळला. "छत्री एक्क्याण्णवावी. म्हणजे नव्वद बरोबर आली! दहाच राहिली."

गड्डी मध्येच पिसली होती, हे सांगायला बाईंनी तोंड उघडलं.

"ती दहा मला पाठ आहेत," बायको म्हणाली. "ह्यांच्याऐवजी मी म्हटली तर नाही का चालणार?"

आणि उत्तराची वाट न बघता तिने कागदाची घडी घातली, ऑपरेशन थिएटरच्या दाराकडे तोंड केलं आणि स्पष्ट आवाजात सुरुवात केली.

"छत्री. कुलूप. शिडी..."