तेजलच्या खेकड्यांसाठी तीन मजले

"तिसरा मजला पडणार, आई," शुभांगी म्हणाली.

"पडू दे. परत लावू." रंगूबाईंनी काचेला चिकटवलेली लाकडी फळी अंगठ्यानं दाबून धरली. सिलिकॉनचा आंबूस वास खोलीभर पसरला होता.

नाशिक रोडच्या त्या दोन खोल्यांच्या घरात खिडकीखालचं अख्खं टेबल आता काचेच्या टाकीनं अडवलं होतं. रविवारी शुभांगीचं लग्न होतं. दुसरं. पहिला नवरा, बुद्धभूषण, तीन वर्षांपूर्वी मोटरसायकलच्या अपघातात गेला. होणारा नवरा सुनील, त्याची बायकोही आजारपणात गेलेली. लग्नानंतर तो आणि त्याची नऊ वर्षांची तेजल इथंच राहायला येणार होते. तेजलनं एकच प्रश्न विचारला होता.

"माझे खेकडे कुठं राहतील?"

चार खेकडे होते. पाठीवर शंख घेऊन हिंडणारे, प्लास्टिकच्या डब्यात ठेवलेले. त्यांना चढायला आवडतं आणि डब्यात चढायला काहीच नाही, असं तेजल म्हणाली होती.

रंगूबाईंनी ते मनावर घेतलं. सोमवारी सकाळीच त्यांनी माळ्यावरची टाकी खाली काढायला लावली. शुभांगीनं मोबाइलवर वाचायचं आणि रंगूबाईंनी करायचं. तळाला वीतभर ओली वाळू आणि नारळाचा भुसा, कारण कवच टाकायची वेळ आली की ते स्वतःला आत पुरून घेतात. एक वाटी गोड्या पाण्याची, एक खाऱ्या पाण्याची. मधला मजला प्लास्टिकच्या जाळीचा. वरचा लाकडी फळीचा. तिथं पोचायला पेरूची वाकडी फांदी आणि काथ्याची दोरी. द्राक्षाचं खोड सहज मिळालं असतं, पण त्यावर औषधाचे फवारे मारलेले असतात म्हणून रंगूबाईंनी ते नाकारलं.

दुपारी रंगूबाईंचा मुलगा धम्मपाल पिंपळगावहून आला. तो दारातच थांबला.

"ही टाकी का काढली?"

"खेकड्यांना."

"बुद्धभूषणची आहे ती. त्याचे मासे होते तिच्यात."

रंगूबाईंनी फडकं पाण्यात बुडवून पिळलं. मग त्या पुन्हा काच पुसू लागल्या.

"मासे नाहीत आता, धम्मा. टाकी रिकामी होती."

"चहा ठेवते, दादा," म्हणत शुभांगी आत गेली. धम्मपालनं आवाज खाली आणला.

"आई, तू नाही म्हण. तू नाही म्हणालीस तर ती करणार नाही हे लग्न."

"म्हणूनच हो म्हणाले. उभा राहून बोलतोयस तर ही फळी धर जरा."

त्यानं नाइलाजानं फळी धरली. रंगूबाई कडेनं सिलिकॉन भरू लागल्या.

"लोक मला विचारतात. तीन वर्षांत विसरली म्हणतात."

"त्यांना माझ्याकडे पाठव. रात्रभर ती कशी बसून असायची, ते मी पाहिलंय. ते कोणी पाहिलं नाही."

"करायचं तर करू दे. पण तिकडं जाऊ दे ना त्याच्या घरी! तो परका माणूस इथं राहणार? या घरात?"

"तिची शाळा इथं आहे. मुलांना शिकवते, पायावर उभी आहे. ती कशाला जाईल? आणि घर माझ्या नावावर आहे."

"मग भिंतीवरचा फोटोही काढणार असशील."

"फोटो तिथंच राहील. सुनीलला पहिल्या दिवशीच सांगितलंय. तो म्हणाला, त्यांच्या पाया पडूनच आत येईन."

धम्मपालनं फळी सोडून दिली. ती घसरली आणि वाळूत पडली.

"मी रविवारी येणार नाही."

"अकरा वाजता विहारात," रंगूबाई म्हणाल्या. "नाही आलास तर तुझी खुर्ची दुसऱ्याला देईन."

तो चहा न घेताच गेला. शुभांगी कप घेऊन दारात उभी राहिली. तिचे डोळे भरून आले होते.

"आई, माझ्यामुळे तुमच्यात..."

"तुझ्यामुळे काही नाही. चहा दे इकडं. आणि ते सिलिकॉन पुसायला फडकं आण. परत लावायचंय."

फळी तिसऱ्यांदा बसली. रंगूबाईंनी तिच्याखाली पुस्तकांची थप्पी रचली आणि तीन दिवस कोणाला हात लावू दिला नाही. थप्पी काढल्यावर त्यांनी वर वरवंटा ठेवून पाहिला. फळी हलली नाही.

शनिवारी संध्याकाळी सुनील आणि तेजल डबा घेऊन आले. सोबत सुनीलची आत्या विठाबाई होती. ती लग्नासाठी त्याच दिवशी पेठहून आलेली, या घरात पहिल्यांदाच. तेजलनं चारही खेकडे एकेक करून वाळूत ठेवले. बराच वेळ सगळे शंखात दडून राहिले. मग सर्वांत लहान होता तो बाहेर आला, फांदीला भिडला, आणि जाळीवरून, दोरीवरून थेट वरच्या फळीवर जाऊन बसला.

"चढला! आजी, चढला!" तेजल ओरडली. रंगूबाईंना ती पहिल्यांदाच आजी म्हणाली होती.

सुनील आणि शुभांगी सामान लावायला आत गेले. विठाबाई टाकीकडे बघत राहिली.

"लेकीसाठी आई करतीच, ताई. पन दुसऱ्याच्या पोरीसाठी एवढं कोन करतं?" मग ती जवळ सरकली आणि हळूच म्हणाली, "एक इचारू? हिच्या पहिल्या सासरचं कोनी उद्या येऊन अडवनार नाय ना? पोरगा गेला तरी मानसं सुनंवरचा हक्क सोडत नाय. कशी हाय तिची सासू?"

"लय हट्टी आहे," रंगूबाई म्हणाल्या. "धाकटा पोरगा गेला, थोरला रुसून बसलाय, तरी सुनेचं लग्न लावतेय. ही काय, तुमच्यासमोर उभी आहे."