भट्टीची खबर

वनरक्षकानं पहार घातली तशी भट्टी खचली. मातीच्या लिंपणातून पांढरा धूर उसळला. आतली लाकडं अजून कच्चीच होती. कोळसा व्हायला बराच अवकाश होता.

झाडाआडून पाहणाऱ्या बाईनं पदर तोंडावर घट्ट धरला. भट्टी तिच्या नवऱ्याची होती आणि खबर तिनंच दिली होती.

त्याच्यासारखी भट्टी पंचक्रोशीत कुणाला रचता येत नसे. लाकडं उभी लावायची, वर पाला, त्यावर माती. मग नुसत्या धुराच्या रंगावरून तो ओळखायचा, कुठलं भोक बुजवायचं नि कुठलं उघडायचं. बोलणं मात्र नावाला. गाव त्याला मौनी म्हणायचं. "यांच्यापेक्षा यांची भट्टी जास्त बोलते," असं ती हसून सांगायची.

त्याच्याकडून कोळसा पाडून घेणाऱ्या ठेकेदारानं झऱ्यावरच्या उताराला चोरून कुऱ्हाड लावली, तेव्हा तिचं हसू मावळलं. पलीकडच्या टेकडीवरचं रान असंच संपलं होतं आणि पाठोपाठ तिथली विहीर आटली होती. आता गावाला हा एकच झरा उरला होता. नवऱ्याला सांगून काय उपयोग? दुसरं काम नव्हतं, आणि त्यानं नाही म्हटलं असतं तर ठेकेदारानं बाहेरून माणसं आणली असती. म्हणून ती वनखात्याच्या चौकीवर गेली.

"भट्टी फोडा, दादा. माणूस मात्र धरू नका. लेकराबाळांचा बाप आहे."

"बरं, वहिनी," वनरक्षक म्हणाला. जास्त काही विचारलं नाही.

मग तो परिपाठच पडला. नवी भट्टी लागली की सरपणाचं निमित्त करून ती चौकी गाठायची. पहार पडायची तेव्हा मौनी नेमका माती नाहीतर पाणी आणायला गेलेला असायचा. देव पाठीशी आहे, असं ती मनाशी म्हणायची.

"फोडली," घरी आल्यावर तो एवढंच सांगायचा आणि खाली मान घालून जेवायचा. त्याच्या भाजलेल्या बोटांकडे तिला पाहवत नसे.

ट्रक रिकामे परतू लागले, तसा ठेकेदार स्वतःच दारात येऊन उभा राहिला. "गावात कुणीतरी फितूर आहे. सापडला तर जीभ हासडीन!" बोलता बोलता त्याची नजर तिच्यावर थांबली.

मौनी उठला आणि दोघांच्या मध्ये उभा राहिला. "माझ्या घरावर संशय असेल, तर उद्यापासून भट्टी तुम्हीच रचा."

इतकं लांब वाक्य त्याच्या तोंडून तिनं कधी ऐकलं नव्हतं. ठेकेदार पुटपुटत निघून गेला. ती आत जाऊन चुलीपुढे पोटभर रडली. एवढा विश्वास टाकणाऱ्या माणसाचाच आपण घात करतोय! तरी पुढची भट्टी पेटली, तेव्हा तिचे पाय चौकीकडेच वळले.

शेवटी ठेकेदारानं कंटाळून गाशा गुंडाळला. तोडलेल्या बुंध्यांना धुमारे फुटले. उतार राखायचं काम गावानं अंगावर घेतलं. रानात माजलेली काटेरी झुडपं उपटून त्यांचाच कोळसा करायची परवानगी वनरक्षकानं खटपट करून मिळवली. मौनी गावाला भट्टी रचायला शिकवू लागला. गुरुजी मुके, पण शाळा जोरात, अशी थट्टा चालायची. त्या उन्हाळ्यात झरा आटला नाही.

वनरक्षकाची बदली झाली. निरोप घ्यायला तो झऱ्यावर आला, तेव्हा ती घागर भरत होती.

"दादा, एक मागणं आहे," ती हळूच म्हणाली. "खबर मी द्यायचे, हे कुणाजवळ बोलू नका. यांना कळलं तर जीव तुटेल त्यांचा. त्यांच्या हातची कला मी मातीत घातली."

वनरक्षक जरा घुटमळला. "वहिनी, शब्द दिलाय म्हणून इतके दिवस गप्प होतो. तुम्ही यायच्या आधीच मला जागा ठाऊक असायची. दरवेळी."

"ते कसं?"

"तुमच्याआधी एक जण येऊन जायचा. म्हणायचा, भट्टी मीच रचलीय साहेब, फोडून टाका. फक्त माझ्या बायकोला कळू देऊ नका."